कासा ग्रांडे की फोंडा: रिटायर होऊन राहायचं कुठे?

माझा धाकटा भाऊ ३० वर्षं अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सजवळच्या चँडलरला, नोकरी संपली, मुलं दुसऱ्या राज्यांत गेली, आणि आता तिथलं मोठं घर विकून कुठेतरी स्वस्तात राहायचं म्हणतोय. त्याने शोधलेलं गाव त्याच राज्यातलं कासा ग्रांडे. भावजयीचं म्हणणं गोव्यातलं आपलं फोंडा. मी फोंड्याचीच, शाळेतून रिटायर झालेली, गेल्या थंडीत आम्ही दोघं तीन महिने त्यांच्याकडे राहून आलो आणि तेव्हापासून दोघंही फोनवर मलाच विचारतात, ताई तुला काय वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, तुमच्या घरात हाच वाद चालू असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

गंमत म्हणजे दोन्ही गावांची जात एकच. कासा ग्रांडे वाळवंटातलं, फिनिक्स आणि टूसॉनच्या मधे, फिनिक्स साधारण ८० किलोमीटर, टूसॉन त्याहून थोडं लांब, आणि आय-१० आणि आय-८ हे दोन हायवे तिथेच मिळतात. फोंडा पणजी आणि मडगावच्या मधे, पणजी ३० किलोमीटर, मडगाव त्याहून जवळ. मोठ्या शहराचे रेट नकोत पण तिथलं हॉस्पिटल, एअरपोर्ट हाताशी हवं, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. पोर्तुगीज शिकलेल्या आमच्या आजोबांना तर कासा ग्रांडे म्हणजे मोठं घर हे कोणी सांगावंही लागलं नसतं. ज्यावरून हे नाव पडलं ते मोठं घर गावात नाहीये, जवळच्या कूलिजला आहे, १३५० च्या सुमाराचं मातीचं चार मजली बांधकाम, १८९२ पासून सरकारने राखून ठेवलेलं. शहर मात्र १८७९ मध्ये रेल्वे तिथवर येऊन थांबली म्हणून वसलं. आता ५३ हजारांवर वस्ती आहे, २०२० च्या जनगणनेप्रमाणे.

पैशाचं पटकन उरकते. चँडलरला घर म्हणजे पाच लाख डॉलरच्या वर, कासा ग्रांडेला तीन-सव्वातीन लाखांत बरं घर मिळतं. शिवाय ॲरिझोनात राज्याचा इन्कम टॅक्स सगळ्यांना सरसकट अडीच टक्के आणि सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनवर, राज्य काहीच घेत नाही. फोंड्यात टू बीएचके साठ-सत्तर लाख सांगतात, म्हणजे ७०-८० हजार डॉलरच्या आसपास. आकड्यात फोंडा जिंकतं, त्यात वाद नाही. पण कासा ग्रांडे स्वस्तच राहील असं धरून चालू नका, २०२१ पासून तिथे ल्युसिडचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना सुरू आहे, आणि कारखाना आला की घरभाडी कुठे जातात ते गोव्यातली वेर्ण्याची कारखान्यांची वसाहत बघितलेल्यांना सांगायला नको. भावाला ५५ प्लस कॉलनी आवडलीय, स्विमिंग पूल, क्लबहाऊस, सगळे समवयस्क. तिथे घरात किमान एक जण ५५ च्या पुढचा लागतो, नातवंडं पाहुणी म्हणून चालतात पण कायमची ठेवता येत नाहीत, आणि सोसायटीचा मेंटेनन्स दर महिन्याला जातोच.

हवेचं मात्र नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. आम्ही गेलो डिसेंबरमध्ये. दुपारी छान कोवळं ऊन, रात्री शाल, आकाश असं निळं की ह्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की आता फोंड्याला परत जायचं नाही. थंडीत तिथे कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतले म्हातारे आपापल्या फिरत्या घरांच्या गाड्या घेऊन येऊन राहतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात, आणि ते सगळे एप्रिलमध्ये निघून जातात, का जातात ते विचारा. फिनिक्सला २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ किंवा त्याच्याही वर होता, आणि कासा ग्रांडे त्याच पट्ट्यात. भावजय सांगते, जुलैत सकाळी सहाला फिरून यायचं नाहीतर दिवसभर एसीत कोंडून घ्यायचं, आणि तो एसी बिघडला की ती एमर्जन्सी.

आता आपल्याकडचं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटर पाऊस, कासा ग्रांडेला त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही. जूनमध्ये कपाटातल्या साड्यांना बुरशी, चपला हिरव्या, लाईट गेली की कधी येईल ते वीजखात्यालाच ठाऊक, आणि बाहेर धो धो पाऊस असताना नळाला पाणी नाही हा चमत्कार फोंड्यात बघायला मिळतो. म्हणजे भाऊ जो म्हणतो ना, अर्धं वर्ष इकडे अर्धं तिकडे, त्यात एक मेख आहे. दोन्ही गावं नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुंदर आणि दोन्हीकडे जून ते सप्टेंबर हाल! ॲरिझोनावालेसुद्धा त्या महिन्यांना मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर, फक्त त्यांच्या मान्सूनमध्ये पावसाच्या आधी धुळीची भिंत येते. मला विचाराल तर पाऊस परवडला, निदान बाल्कनीत बसून चहा पिता येतो.

धुळीवरून आठवलं, व्हॅली फीव्हर. तिथल्या मातीत एक बुरशी असते, ती धुळीबरोबर श्वासातून फुफ्फुसात जाते. बहुतेकांना काही होत नाही किंवा फ्लूसारखं होऊन जातं, पण म्हातारपणी आणि डायबेटिस असेल तर जड जाऊ शकतं, आणि आपल्याकडे डायबेटिस नसलेलं घर दाखवा. दुसरं पाण्याचं. तिथल्या शेतीने वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसलं, त्याने त्या भागात काही ठिकाणी जमीन खचून लांबच लांब भेगा पडल्यात, कोलोरॅडो नदीचं कालव्याने येणारं पाणी २०२२ पासून तिथल्या शेतकऱ्यांचं तोडलं. भेगांचे सरकारी नकाशे मिळतात, घर बघायच्या आधी ते बघा.

पण मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तीन महिन्यांत मी एकटी एकदाही घराबाहेर कामाला जाऊ शकले नाही. दूध संपलं, गाडी. औषध, गाडी. भाऊ आज ६४ चा आहे, टुणटुणीत आहे, पण मोतीबिंदू, गुडघा, पाय थरथरणं हे येणारच, आणि ज्या दिवशी डॉक्टर सांगेल आता ड्रायव्हिंग बंद, त्या दिवशी ते स्वस्त घर बेट होईल. बसवर तिथे विसंबता येत नाही. फोंड्यात काय आहे? सकाळी पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत दारात पाव देतो, फार्मसीवाल्याला फोन केला की पोरगा गोळ्या आणून देतो, तिस्क नाक्यावर रिक्षा आहे, सरकारी कदंब बस आहे, आणि मी दोन दिवस दिसले नाही तर शेजारीण बेल मारते (कधीकधी नको तेव्हाही मारते, ते सोडा). घराचा हिशेब ६५ व्या वर्षाचा नको, ८० व्या वर्षाचा धरा असं मी त्याला सारखं सांगते.

डॉक्टरांचं इतकं सोपं नाही. कासा ग्रांडेला स्वतःचं हॉस्पिटल आहे, मोठं काही असेल तर चँडलर-फिनिक्स. ६५ ला मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, लागू होतं, दहा वर्षं टॅक्स भरून काम केलं असेल तर हॉस्पिटलच्या भागाला महिन्याचा हप्ता नाही, डॉक्टरच्या भागाला २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर होता. दात त्यात नाहीत, म्हणून तिथले म्हातारे आय-८ धरून सरळ मेक्सिकोच्या हद्दीवर लॉस अल्गोदोनेसला जाऊन दात करून येतात, आमचा भाऊ मात्र ते काम इथे आला की उरकतो. आणि मेडिकेअर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कायमची सेवा करायचे पैसे देत नाही, हे बऱ्याच जणांना तोपर्यंत माहीतच नसतं.

हेच मेडिकेअर भारतात मात्र चालत नाही. इथे आलात तर इथला हेल्थ इन्शुरन्स घ्यावा लागतो. २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा गेली हे खरं, पण आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ह्यांच्या बायपासनंतर एका कंपनीने गोड बोलून सरळ नाही म्हटलं होतं. गोवा सरकारच्या आरोग्यविम्याच्या दीनदयाळ कार्डाला गोव्यात पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आहेच, गर्दी आहे, पण हृदयाच्या दुखण्याला आम्ही तिथेच धावलो आणि माणूस घरी आणला. म्हणजे यायचं असेल तर धडधाकट असताना या, इन्शुरन्सची तीन वर्षं आधी काढून टाका. मेडिकेअरचा डॉक्टरचा भाग सोडून आलात आणि नंतर परत गेलात तर दर वर्षामागे दहा टक्के दंड कायमचा बसतो, हेही डोक्यात ठेवा.

जागा घेताना: ओसीआय कार्डवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) फ्लॅट, घर घेता येतं, शेतजमीन आणि बागायत नाही. त्यामुळे दलाल नारळीचं भाट (बाग) दाखवायला लागला की आधी झोन विचारा, फॉर्म एक-चौदा (गोव्यातला जमिनीचा उतारा) बघा, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारं, कायद्याने हक्क असलेलं कूळ) आहे का बघा. वडिलोपार्जित घरातल्या वाट्यावर विसंबून तर येऊच नका, सगळे वारस एका टेबलावर येईपर्यंत तुमची पंचाहत्तरी होईल. परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बाहेरच्या उत्पन्नावर इथे साधारणपणे टॅक्स नसतो, ४०१केचं (अमेरिकेतल्या नोकरीतली रिटायरमेंटची पुंजी) त्या काळात काय करायचं ते दोन्हीकडचं कळणाऱ्या सीएला विचारा, चुलत भावाला नको.

माणसांचं म्हणाल तर तिथेही अगदीच वाळवंट नाही. मॅरिकोपाला महागणपतीचं मोठं देऊळ आहे, गाडीने फार लांब नाही, चँडलरला मराठी मंडळी आणि हवी ती डाळ मिळते. पण भावजयीला देऊळ नकोय, तिला चवथीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला माणसं हवीत, नाटकाला जायला सोबत हवी. फोंड्याला मराठी नाटक, भजन, म्हार्दोळ-कवळे-मंगेशीच्या जत्रा, यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही. उलट भावाचे मित्र सगळे चँडलरला, इथे त्याच्या वर्गातले चारच उरलेत आणि त्यातले दोन पुण्याला मुलांकडे.

माझं मत विचाराल तर आत्ता लगेच घर कुठेच घेऊ नका. कासा ग्रांडेला एक अख्खा जुलै भाड्याने काढा, फोंड्यालाही एक अख्खा जुलै काढा, डिसेंबरमध्ये बघून ठरवलेलं घर म्हणजे साखरपुड्यात बघितलेली सून. भाऊ पुढच्या जूनमध्ये येतोय दोन महिने, मी फोंड्याजवळ ढवळीला फ्लॅट बघून ठेवलाय, इन्व्हर्टर नसलेला मुद्दाम.