घोडी भाड्याने घेण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या

दुखऱ्या पायाची घोडी औषध देऊन धडधाकट दाखवायची, भाडेकरार करून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आणि पुढे "तुमच्यामुळेच लंगडी झाली" म्हणत उपचाराचे पैसे त्याच्याकडूनच काढायचे. माझ्याबाबतीत हेच झालं. मालकाचं नाव लिहीत नाही, पण पद्धत पूर्ण सांगते. ती ओळखता आली तर पुढचा माणूस वाचेल, आणि एखादं मुकं जनावरही.

मालक बोलायला फार गोड. "ताई, कागद कशाला? मी माणूस बघून जनावर देतो." मी आग्रह धरल्यावर कागद झाला, पण तो त्यानेच लिहून आणला. चारा, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक, नालबंद, डॉक्टर, सगळा खर्च माझ्याकडे. आज घोडीची तब्येत कशी आहे, याबद्दल एक ओळ नाही. नंतर सगळं भांडण त्या न लिहिलेल्या ओळीवरूनच झालं.

पाहायला गेले की घोडी खोगीर चढवून तयार असायची, मानेवर घाम सुकलेला. "तुमच्यासाठी जरा मोकळी करून ठेवली." आखडलेला सांधा थोडं चालवल्यावर सैल होतो आणि लंगडणं झाकलं जातं, म्हणून ही तयारी. त्यावर फिनाइलब्युटाझोन. घोडेवाले त्याला 'ब्यूट' म्हणतात. वेदना आणि सूज कमी करणारं हे औषध डॉक्टरांच्या हातात चांगलंच आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र ते अंगात असलेल्या घोड्याला उतरू देत नाहीत, कारण दुखणं दबलं की जनावर त्याच पायावर जोर देत राहतं. जास्त दिवस दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा होते.

सह्या झाल्या आणि औषध बंद झालं. आता मालकाला त्याची गरज नव्हती. सकाळी तबेल्यातून बाहेर काढली की घोडी उजवा पुढचा पाय पुढे टाकून, त्यावरचा भार काढून उभी राहायची. दुडकी चालीत तो पाय टेकला की दर वेळी डोकं वर उडायचं आणि डावा टेकला की खाली यायचं. पुढचा पाय दुखत असल्याची ही खूण ज्याला माहीत आहे, त्याला लांबूनही दिसते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुराच्या वरच्या सांध्याभोवती हाड वाढलेलं होतं. अशी वाढ चार दिवसांच्या रपेटीने होत नाही, हे त्यांनी लिहूनही दिलं. घोडीची देखभाल करणारा मोतद्दार मग हळूच बोलला, "पूर्वी रोज चंदीत पावडर पडायची."

एक्स-रे समोर ठेवताच मालकाचा सूर बदलला. "तुम्हीच पळवून पळवून पाय घालवला." 'ताई' गेलं, अनामत रक्कम गेली, वर उपचाराचं बिल माझ्या नावावर. पैशापेक्षा मला जास्त लागलं ते हे, की त्या घोडीने दुखणं सोसत माणसं वाहिली आणि ते दुखणं आहे हे मालकाला ठाऊक होतं.

तुम्ही घोडा घेणार असाल तर न सांगता जा आणि तो ठाणावर थंड असतानाच बाहेर काढायला लावा. कडक जमिनीवर सरळ दुडकी चालवा, मग दोन्ही बाजूंनी गोल. चारही खुरांवर हात ठेवून एखादा जास्त गरम लागतो का पाहा, नाल एकाच बाजूने झिजलेत का पाहा. तपासणीला मालकाचा नव्हे, तुमचा डॉक्टर आणा. त्याच दिवशी रक्ताचा नमुना काढून औषधांसाठी तपासायला सांगा, निदान राखून तरी ठेवायला सांगा. हा आग्रह सोडू नका. पुढे वाद झाला तर तो नमुनाच तुमच्या बाजूने बोलतो. तपासणीचा अहवाल कराराला जोडा आणि जुन्या दुखण्याचा खर्च मालकाचा, हे त्यात लिहून घ्या. मी पूर्वी एका मालकिणीकडून घोडा घेतला होता, तिने जुने एक्स-रे स्वतःहून समोर ठेवले होते. तिच्याशी माझा एकदाही वाद झाला नाही.

ही घोडी मालकाने परत नेली आणि आता तो ती पुन्हा भाड्याने दाखवतोय, असं कानावर आलं आहे. गडद तपकिरी, स्वभावाने अतिशय गरीब. तुमच्यासमोर अशी घोडी खोगीर चढवून घामेजलेली आणली, तर उजव्या पुढच्या पायाचा एक्स-रे मागा.