एचजी१९ की एचजी३८? नव्या लॅबसाठी आणि वर्गासाठी बिल्ड निवडताना

नवी लॅब लावताना सर्व्हर केवढा घ्यायचा, सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यायचं की घरीच, यावर महिनोन्महिने खल होतो. रेफरन्स बिल्ड, म्हणजे ज्याच्याशी ताडून प्रत्येक नमुन्याचा डीएनए बघायचा ती मानवी जीनोमची प्रमाण आवृत्ती, मात्र शेजारच्या लॅबच्या पाइपलाइनमधून (विश्लेषणाच्या प्रोग्रॅमांच्या साखळीतून) जशीच्या तशी उचलली जाते. म्हणूनच २०१३ च्या डिसेंबरात एचजी३८ येऊनही २००९ चा एचजी१९ अजून ठिकठिकाणी सुखाने नांदतो आहे. मी दोन्हींवर काम केलंय आणि दोन्हींवर एमएस्सीच्या मुलांना शिकवलंय. अमुकच घ्या असा हट्ट नाही. पण कोणी विचारलं तर माझं उत्तर एका बाजूला झुकतं, आणि ते का, हे सांगायला हवं.

आधी एचजी१९ ची बाजू, कारण ती उगाच टिकलेली नाही. १००० जीनोम्स या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा तिसरा टप्पा (२०१५, २६ समूहांतले २,५०४ लोक) याच बिल्डवर आहे. यूके बायोबँकचा ॲरे (ठरलेल्या जागाच तपासणारी चिप) डेटा, जुन्या जीवॅसचे (बदलांचा आजारांशी संबंध जीनोमभर शोधणाऱ्या अभ्यासांचे) बरेचसे निकाल, लॅबच्या कपाटात पडून असलेल्या कॅप्चर किटच्या बेड फाइली (जीनोममधल्या जागांच्या याद्या), सगळं एचजी१९ मध्ये. तुमचं काम मुख्यतः ॲरे आणि पॉलिजेनिक स्कोअरचं (अनेक बदलांची बेरीज करून काढलेल्या धोक्याच्या अंदाजाचं) असेल, आणि सोबतची मंडळीही तिथेच असतील, तर एकट्याने उठून एचजी३८ वर जाण्यात शहाणपण आहे असं मला वाटत नाही. रोज कोऑर्डिनेट (गुणसूत्रावरच्या जागेचे आकडे) बदलत बसाल.

एक्सोम (प्रथिनांची माहिती असलेला जनुकांचा भाग) किंवा पूर्ण जीनोमचं काम असेल तर मात्र गोष्ट वेगळी. माझा निर्णय ज्यावर झाला ती कटकट एका जनुकाची आहे: एफ५, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर फाइव्ह. त्यातला लायडन व्हेरियंट (डीएनएतला बदल) सगळ्यांना माहीत आहे. शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारा, युरोपीय लोकांत बऱ्यापैकी आढळणारा, आपल्याकडे विरळ. आता एचजी१९ वर अलाइन केलेल्या (त्याच्याशी जुळवून बसवलेल्या) कुठल्याही भारतीय नमुन्याची व्हीसीएफ, म्हणजे रेफरन्सहून वेगळ्या जागांची यादी, उघडा आणि गुणसूत्र १ वर १६९५१९०४९ या जागी जा. बहुतेक वेळा तिथे ओळ दिसेल: रेफरन्स टी, अल्टरनेट सी, आरएस६०२५ (व्हेरियंटचा ओळख क्रमांक), जीनोटाइप १/१ (दोन्ही प्रतींत अल्टरनेट, म्हणजे होमोझायगस). ॲनोटेशनची (व्हेरियंटचा अर्थ जोडणारी) स्क्रिप्ट नुसता आरएस नंबर जुळवून लेबल लावत असेल, तर रिपोर्टमध्ये छापून येतं की फॅक्टर फाइव्ह लायडन, होमोझायगस. धडधाकट माणसाला!

कारण साधं आहे. रेफरन्स खऱ्या माणसांच्या डीएनएवरून बनला आहे, त्यातला सुमारे ७० टक्के भाग तर एकाच दात्याच्या क्लोन लायब्ररीतून (त्याच्या डीएनएच्या साठवलेल्या तुकड्यांतून) आलेला. जो क्लोन वापरला त्यात विरळ अलील (त्या जागेचं कमी लोकांत आढळणारं रूप) असेल तर तोच रेफरन्स होऊन बसतो. एफ५ च्या त्या जागी नेमकं हेच झालं आणि धोक्याचा टी हाच एचजी१९ चा ‘नॉर्मल’ ठरला. त्यामुळे निरोगी माणूस बदललेला दिसतो आणि ज्याच्या दोन्ही प्रतींत खरोखर लायडन आहे त्याच्या व्हीसीएफमध्ये ओळच येत नाही. तो रेफरन्ससारखाच, मग कॉलर (व्हेरियंट शोधणारा प्रोग्रॅम) बिचारा काय लिहिणार?

वर्गात हे दर बॅचला होतं. कोणीतरी हुशार मुलगी फिल्टर लावते, क्लिनव्हारचं (व्हेरियंटचा आजारांशी संबंध नोंदवणाऱ्या डेटाबेसचं) लेबल बघते आणि हळू आवाजात विचारते, “सर, हा नमुना कोणाचा आहे? त्यांना कळवायला नको का?” मग त्या दिवशीचा विषय बाजूला राहतो आणि मी फळ्यावर एफ५ काढतो. शिकवण्याच्या दृष्टीने प्रसंग छान आहे, एकदा. पण पाइपलाइनमध्ये अशा जागांसाठी वेगळे नियम लिहायचे, त्यांची यादी सांभाळायची आणि नवा विद्यार्थी आला की ती त्याच्या हवाली करायची, हे मला नको झालं. एचजी३८ मध्ये असे हजारो बेस दुरुस्त झाले. तिथे हीच जागा १६९५४९८११ आहे, रेफरन्स सी आहे आणि टी दिसला तर त्याचा अर्थ टी दिसला इतकाच.

“मग एचजी१९ वर कॉल करू आणि शेवटी लिफ्टओव्हर मारू,” म्हणजे कोऑर्डिनेट नव्या बिल्डवर नेऊ, असं म्हणणारे भेटतात. बेड फाइलसाठी ठीक आहे. व्हीसीएफसाठी माझा सल्ला नको असाच राहील. एफ५ सारख्या जागी कोऑर्डिनेट नीट जातो, पण रेफरन्स आणि अल्टरनेटची अदलाबदल करावी लागते. पिकार्ड या साधनात त्यासाठी पर्याय आहे, तो आठवणीने चालू करावा लागतो. आणि तो चालू केला तरी वरचा लायडनचा होमोझायगस रुग्ण सापडत नाही, कारण त्याची ओळ मुळात लिहिलीच गेली नव्हती. फास्टक्यू (सिक्वेन्सरमधून आलेल्या कच्च्या फाइली) शिल्लक असतील तर पुन्हा अलाइन करा. वेळ जाईल, डोकं शांत राहील.

एचजी३८ धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र नाही. त्यात अल्ट कॉन्टिग (काही भागांचे पर्यायी क्रम) आहेत. अलाइनरला त्यांची जाण नसेल तर एचएलएच्या (प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या) भागातले रीड (डीएनएचे वाचलेले तुकडे) दोन जागी बसतात आणि मॅपिंग क्वालिटी (तुकडा योग्य जागी बसल्याची खात्री) कोसळते. साध्या कामासाठी अल्टविरहित ॲनालिसिस सेट घ्यावा. दुसरी अडचण जास्त गंभीर: गुणसूत्र २१ वर काही जनुकांची खोटी दुसरी प्रत शिरली आहे. त्यात यू२एएफ१ आहे, जे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या आजारात हमखास बघावं लागतं, आणि होमोसिस्टिन्युरिया या आनुवंशिक आजाराचं सीबीएसही आहे. रीड दोन्ही प्रतींवर सारखेच बसतात, क्वालिटी शून्य येते आणि व्हेरियंट गुपचूप गळतो. प्रामाणिकपणे बोलायचं तर गप्प राहणारी चूक ओरडणाऱ्या चुकीपेक्षा वाईट. पण इथे इलाज एकदाच करायचा असतो. खोट्या प्रती झाकलेली मास्क्ड रेफरन्स फाइल मिळते, ती लावली की रोज लक्षात ठेवायचं काही उरत नाही. रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांनी एवढं केल्याशिवाय एचजी३८ ला हात लावू नये.

बाकी पारडं डेटानेच झुकवलंय. नोमॅड या, कुठला व्हेरियंट किती लोकांत आढळतो ते सांगणाऱ्या डेटाबेसची दुसरी आवृत्ती जुन्या बिल्डवर थांबली. २०२३ ची चौथी आवृत्ती, ८,०७,१६२ लोकांची, एचजी३८ वर आहे. आपल्याकडच्या इंडिजेन प्रकल्पाचे १,०२९ जीनोमही एचजी३८ वरच. जनुकामागे एक ठरलेला ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत) देणारी मेन (MANE) यादीही याच बिल्डसाठी बनते, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला तिचं मोल वेगळं सांगायला नको. १००० जीनोम्सचे नमुनेही ३० पट खोलीने (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा) पुन्हा वाचले गेले, तेही एचजी३८ वर. (त्यात मराठी माणूस मात्र कुठल्याच बिल्डमध्ये शोधू नका. भारतीय म्हणून ह्यूस्टनचे गुजराती आणि ब्रिटनमधले तेलुगू आहेत.)

वर्गासाठी मी आता एचजी३८ ने सुरुवात करतो आणि एक तास एचजी१९ ला देतो. त्या तासाला सिकल सेल घेतो, कारण नंदुरबार-गडचिरोलीकडची मुलं वर्गात असतात आणि हा आजार त्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत असतो. एचबीबी या हिमोग्लोबिनच्या जनुकामधला आरएस३३४ एचजी१९ वर गुणसूत्र ११ च्या ५२४८२३२ वर, एचजी३८ वर ५२२७००२ वर. मुलांना बिल्डचं नाव काढलेली व्हीसीएफ द्यायची आणि बिल्ड ओळखायला सांगायचं. काही जण एचबीबी शोधत बसतात. चलाख असतात ते हेडर उघडून गुणसूत्र १ ची लांबी बघतात. २४९२५०६२१ असेल तर एचजी१९, २४८९५६४२२ असेल तर एचजी३८. नोकरीला लागल्यावर हीच युक्ती सगळ्यात जास्त वापरली, असं सांगणारे माजी विद्यार्थी आहेत.

टी२टी, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत वाचलेला जीनोम, घेऊ का, असंही हल्ली विचारतात. २०२२ मध्ये आलेला तो जीनोम पाहण्यासारखा आहेच. पूर्वी न वाचता आलेले सुमारे २० कोटी बेस त्यात आले, सेंट्रोमिअर (गुणसूत्रांचे सांध्याचे भाग) आले. सेगमेंटल डुप्लिकेशनवर (जीनोममध्ये दुसरीकडेही जवळजवळ तसेच आढळणाऱ्या मोठ्या भागांवर) संशोधन असेल तर जरूर घ्या. रुग्णांचे रिपोर्ट द्यायचे असतील तर ॲनोटेशन आणि लोकसंख्येचा डेटा तिकडे अजून तोकडा वाटतो. मी थांबलोय.

आणि ज्यांना काही कारणाने एचजी१९ वरच राहायचंय, त्यांनी निदान डिकॉय (भलतीकडे बसणारे रीड ओढून घेणारे जादा क्रम) असलेली त्याचीच आवृत्ती, एचएस३७डी५, घ्यावी. यूसीएससी या जीनोम संकेतस्थळाच्या मूळ एचजी१९ फाइलीत मायटोकॉन्ड्रियाचा क्रम १६,५७१ बेसचा, वेगळाच आहे. हॅप्लोग्रुपची (आईकडून आलेल्या वंशशाखेची) सगळी साधनं १६,५६९ बेसच्या आरसीआरएस या प्रमाण क्रमावर चालतात. आपल्याकडे एम हॅप्लोग्रुपच्या शाखा इतक्या बारीक आहेत की एक-दोन बेसांनी कोऑर्डिनेट सरकले तर माणूस भलत्याच फांदीवर जाऊन बसतो. एचएस३७डी५ मध्ये आरसीआरएसच आहे, एचजी३८ मध्येही.