कानात मशीन घालून आठ महिने झाले: ऐकू येतं, पण गोंगाटात कळतं का?

आठ महिने झाले दोन्ही कानांत हिअरिंग एड घालतोय, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, अंघोळीचा वेळ सोडला तर. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की सगळी चर्चा हे घेऊ का ते घेऊ इथेच अडकते, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे. कानाच्या मागे बसणारं, बारीक वायर कानात जाणारं, चार्जिंगवालं, एवढं पुरे.

सुरुवात झाली ती सात आणि आठवरून. बायको आतून म्हणाली सातला निघायचंय, नळ चालू होता, मी आठ ऐकलं. पुसट वगैरे नाही हं, एकदम स्वच्छ आठ, पैज लावली असती. पावणेसातला ती तयार होऊन दारात उभी आणि मी बनियनवर. त्या दिवशी भांडण झालं ते झालंच, पण नंतर ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या) मॅडमनी ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, समोर ठेवून सांगितलं तेव्हा कळलं की मी खोटं बोलत नव्हतो. माझा आलेख १००० हर्ट्झपर्यंत बरा आहे, २००० पासून जी उतरंड लागते ती ८००० पर्यंत खालीच. 'आ' सारखे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो, 'स'ची सगळी सळसळ वरच्या पट्टीत, ४००० च्या आसपास आणि पुढे. म्हणजे 'सात'मधला 'स' गळला, 'त' अर्धवट पोचला, आणि उरलेल्या भोकात डोक्याने स्वतःच 'आठ' बसवून टाकला. आणि मला सांगितलं पण नाही की हे मी बसवलंय! १९७० मध्ये रिचर्ड वॉरन नावाच्या संशोधकाने असाच प्रयोग केला होता, एका वाक्यातला 'स'चा आवाज कापून तिथे खोकला चिकटवला, तर ऐकणाऱ्यांना शब्द पूर्णच ऐकू आला आणि खोकला नेमका कुठे आला ते धड सांगता येईना. त्यांचे कान तर चांगले होते. आमच्यासारख्यांचं डोकं दिवसभर हेच करत असतं, आणि कधीकधी चुकीचा शब्द भरतं.

पहिले तीन आठवडे सगळ्यांना होतं तेच झालं, कागद चुरगळला तरी फटाका फुटल्यासारखा, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा. सवय होते. डोम, म्हणजे कानात बसणारं मऊ टोक, बदलून दिला, भोकंवाला, तेव्हा पिंप गेलं. शांत खोलीत एकाशी बोलताना तर पहिल्या आठवड्यापासूनच फरक होता, टीव्हीचा आवाज घरच्यांना सोसेल इतका खाली आला, फोन सोपा झाला. इथपर्यंत दहापैकी नऊ मार्क.

मग दुसऱ्या महिन्यात आम्ही आठ जण बाहेर जेवायला गेलो आणि सगळी हवा गेली. उंच छत, गुळगुळीत फरशी, कुठे पडदा नाही, मागे गाणी, बाजूच्या टेबलावर दहाबारा जणांचा हसतखेळत ग्रुप. समोरचा मित्र काहीतरी गंमत सांगत होता, मला त्याचा आवाज येत होता, तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत होते पण सुट्टे, जणू कुणी माळ तोडून मणी टेबलावर टाकलेत आणि मी एकेक उचलतोय तोवर पुढचे खाली पडतायत. सगळे हसले की मी हसायचो. एकदा चुकीच्या ठिकाणी हसलो. तो त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनचं सांगत होता. घरी आल्यावर मशीन काढून केसमध्ये आपटलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

पुढच्या भेटीत मॅडमनी जी टेस्ट केली ती खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायला हवी होती, आणि माझी एक तक्रार हीच आहे. नेहमीची टेस्ट म्हणजे बंद खोलीत पीप पीप, ऐकू आलं की बटण दाबा. जगात कोण पीप पीप बोलतं? ही दुसरी टेस्ट म्हणजे मागे चार जणांची बडबड आणि पुढे एक बाई वाक्यं बोलते, दर वाक्याला मागची बडबड पाच डेसिबलने वाढते. क्विकसिन नावाची इंग्रजीतली प्रसिद्ध टेस्ट आहे, तिच्यात सहा वाक्यं असतात, पहिल्यात बोलणं गोंगाटापेक्षा २५ डेसिबल वर आणि शेवटच्यात दोन्ही बरोबरीत, माझी त्याच धर्तीची होती. माझा आकडा ९ आला. अर्थ असा की चांगल्या कानाच्या माणसाला निम्मे शब्द कळायला जेवढं बोलणं गोंगाटाच्या वर लागतं त्यापेक्षा मला ९ डेसिबल जास्त लागतं. माझ्या एका मित्राचा ऑडिओग्राम माझ्यावर ठेवला तर रेघेवर रेघ बसेल इतका सारखा, त्याचा आकडा ४. आलेख सारखा आणि गर्दीत तो आरामात गप्पा मारतो, मी मणी वेचतो. म्हणजे कान सोडून अजून काहीतरी आहे.

ते काय, हे मला हळूहळू उमगलं. पंख्याची घरघर, एसी, गाडीचा आवाज, हे मशीन चांगलं दाबतं, कारण तो आवाज एकसुरी असतो. पण बाजूच्या टेबलावरचं बोलणं हे पण बोलणंच. मशीनला कसं कळणार की मला हा हवाय, तो नकोय? पुढे तोंड केलेले माइक पुढचं जास्त उचलतात, त्याने मदत होते, पण पुढे दोघं असले तर निवड मलाच करायची. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं, तर दुसऱ्या कानातली भाषा मध्येच बदलली तरी त्यांना पत्ता नाही. ही चाळणी डोक्यात असते, आणि तिला कानाकडून स्वच्छ माल लागतो. माझ्याकडून येतो तो आधीच फाटका, मशीनने तो मोठा करून दिला तरी फाटका तो फाटकाच.

आणि याची किंमत संध्याकाळी कळते. मीटिंगमध्ये मला प्रत्येक शब्द कळलेला असायचा, तरी बाहेर आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय ठरलं ते आठवायचं नाही. मी घाबरलो होतो, वाटलं डोकंच गेलं. मग वाचलं की १९६८ मध्ये पॅट्रिक रॅबिट या संशोधकाने दाखवलेलं, आकड्यांची यादी ऐकवताना दुसरा अर्धा भाग गोंगाटात ऐकवला तर शांततेत ऐकलेल्या पहिल्या अर्ध्याची आठवणसुद्धा घसरते. जी शक्ती लक्षात ठेवायला वापरायची ती शब्द ओळखण्यातच खर्च होते, साधा हिशोब. त्या दिवसापासून मी मीटिंगमध्ये कागदावर लिहितो आणि लाजत नाही.

चौथ्या महिन्यात एक सेटिंग बदललं त्याचं आश्चर्य वाटलं. मशीन हळू आवाज उचलतं आणि मोठा आवाज दाबतं, हे किती चपळाईने करायचं ते ठरवता येतं. चपळ ठेवलं तर बारीक अक्षरं जास्त कानावर येतात पण आवाजाचा चेहरामोहरा बिघडतो, आणि तो बिघाड सांभाळायला डोक्यात मोकळी जागा लागते, ज्यांची स्मरणाची पाटी मोठी त्यांना चपळ जास्त मानवतं असं यावरच्या अभ्यासांत दिसलंय. मला संथ मानवलं. यावरून माझ्या पाटीबद्दल काय समजायचं ते समजा.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते मशीनमध्ये नाही, तर सोबतच्या छोट्या माइकमध्ये. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा, आवाज थेट माझ्या कानात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, त्यामुळे माइक तोंडाजवळ नेणं हा जो फायदा आहे तो कुठल्याही महागड्या प्रोसेसिंगने मिळत नाही. तोटा एकच, लोक विसरतात. आमच्या ऑफिसातला एकजण तो लावून तसाच फोन घ्यायला बाहेर गेला आणि मी खुर्चीत बसून त्याचं घरचं भांडण सगळं ऐकलं. मी सांगितलं नाही त्याला.

मध्ये एक आठवडा उजवीकडचं एकदम बसलं. गर्दीत तर काहीच कळेना, मी मनात मेंदूपर्यंत पोचलो होतो, निघालं काय तर टोकावरच्या वॅक्स गार्डमध्ये, म्हणजे मळ अडवणाऱ्या बारीक जाळीत, मळ. दोन मिनिटांचं काम. पण एक कान गेला की गर्दीत किती फरक पडतो ते कळलं, दोन कानांत आवाज पोचण्याच्या वेळेत एका मिलिसेकंदापेक्षाही कमी फरक असतो, त्यावर डोकं दिशा काढतं. एकच मशीन घेऊन बघू म्हणणाऱ्यांनी, दोन्ही कान कमी असतील तर, हे विचारात घ्यावं.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून मशीन विकणारे भेटतील. कमी ऐकू येणं हा त्यातला टाळता येण्यासारखा एक धोका मानतात हे खरं. पण २०२३ मध्ये अचीव्ह नावाच्या चाचणीचे निकाल आले, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं, त्यात सगळ्यांचा मिळून मशीनमुळे फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी होती. दोन्ही वाक्यं सांगतो तो दुकानदार चांगला.

आता आम्ही बाहेर गेलो की मी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतो, मागून येणारा कलकलाट तेवढा कमी, आणि उजेड समोरच्याच्या तोंडावर पडेल असं बघतो. ओठ दिसले की गोंगाटात बोलणं जास्त कळतं हे १९५४ मध्येच मोजून झालंय, मी दाढीवाल्या मित्राला अजून काही बोललो नाही. आठ जणांत मी अजूनही मध्येमध्ये हरवतो, चार जणांत नाही. आणि नळ चालू असताना बायको आतून काही बोलली तर मी आता अंदाज करत नाही, उठून दारापर्यंत जातो आणि विचारतो, सात की आठ? ती दोन बोटं मिटून आठ दाखवते, आणि वर तोंडानेही सांगते.