तीन वेळा बदललेले एक ऑइल सील

माझ्याकडे २००३ सालची डिझेल जीप आहे. फैजपूरजवळच्या आमच्या केळीच्या मळ्यात खताच्या गोण्या नेण्यापासून ते पाहुण्यांच्या लग्नाला जाण्यापर्यंत सगळी कामे ती करते, आणि पंधरा वर्षे उलटल्यानंतर २०१८ व २०२३ मध्ये तिचे पासिंगही मी रीतसर करून घेतले आहे. या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून होणाऱ्या तेलगळतीपायी मी वर्षभरात महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याला ९,८०० रुपये दिले आणि त्यांपैकी बरेचसे पैसे न झालेल्या कामाचे होते. जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांना हे प्रकरण ठाऊक असावे, म्हणून लिहीत आहे.

पहिल्यांदा डाव्या टायरच्या आतल्या अंगावर काळपट ओघळ दिसले. ब्रेक ऑइल पातळ असते. हे दाट होते आणि त्याला गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास येत होता. गॅरेजवाल्याने बोट लावून ‘एक्सलचे सील गेले’ असे सांगितले, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याभोवतीचे, ऑइल आत रोखणारे कडे खराब झाले, आणि ते निदान बरोबरच होते. सील बदलण्याचे त्याने १,४०० रुपये घेतले. तीन महिन्यांत ओघळ परत आले, तेव्हा ‘लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर) तेल गेले, लायनर नवे टाकले’ असे सांगून १,९०० रुपये घेतले. पावसाळ्यानंतर तिसऱ्यांदा गेलो, तर बेअरिंग खराब असल्यामुळे सील टिकत नाही, असे कारण पुढे आले. हे कारणही शास्त्राला धरूनच होते, कारण बेअरिंग झिजले की एक्सल डगमगतो आणि सीलची ओठासारखी रबरी कड त्याच्यावर नीट बसत नाही. बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरी मिळून ६,५०० रुपये मी मुकाट्याने मोजले. खोटे बोलणारा माणूस कारणेही खोटीच देतो अशी माझी समजूत होती. इथे कारणे खरी होती, काम तेवढे खोटे होते.

प्रत्येक वेळी ‘भाऊ, दोन तास लागतील, बाजार करून या’ असे तो म्हणे आणि मी जात असे. परत आल्यावर तो मला नामांकित कंपनीचा, होलोग्रामचा रिकामा खोका दाखवीत असे. त्या खोक्यातून काय निघाले आणि ते कुठे बसले, हे मी एकदाही डोळ्यांनी पाहिले नाही. जुने सामान मागितले, तर ते भंगारवाला घेऊन गेला, असे उत्तर मिळे. बिल म्हणजे नाव ना शिक्का, वहीच्या पानावर लिहिलेली रक्कम.

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडला गेलो होतो. परतीच्या वाटेवर घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली. तेल लागलेला डावा ब्रेक पकडत नव्हता आणि सगळा भार उजव्या चाकावर येत होता. मागे बायको आणि दोन नातवंडे बसली होती. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर गाडी कशीबशी खाली आणली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने चाकाकडे नुसते पाहून मान हलवली, ‘भाऊ, गाडी म्हातारी व्हयनी’ असे म्हणाला आणि हाउसिंगच, म्हणजे एक्सलभोवतीचे लोखंडी आवरणच, वाकले असल्याने ते बदलण्याचा २२,००० रुपयांचा अंदाज दिला.

त्या रकमेने मला भानावर आणले. आमच्या नात्यात एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक आहेत. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. गाडी त्यांच्या अंगणात नेली तेव्हा दुपारचे ऊन होते आणि एक्सल चांगलाच तापलेला होता. नानांनी चाकाला हातच लावला नाही. ते गाडीखाली सरकले, हाउसिंगच्या वरच्या बाजूला असलेली चिंचोक्याएवढी बोंडी त्यांनी पान्ह्याने सैल केली आणि आतली हवा फुस्स करून बाहेर आली. ती बोंडी म्हणजे ब्रीदर. गाडी चालली की आतले ऑइल व हवा तापून फुगते आणि ब्रीदरमधून तो दाब बाहेर पडतो. माझ्या गाडीचा ब्रीदर मळ्यातल्या काळ्या मातीने लिंपल्यासारखा बंद होता. दाबाला दुसरी वाट नसल्यामुळे तो ऑइलला सीलवाटे बाहेर ढकलत होता, आणि अशा स्थितीत सील कितीही नवे घातले तरी ते टिकणे कठीण होते.

मग नानांनी चाकाच्या आतला ब्रेकचा ड्रम काढला. लायनर जुनेच होते. पेट्रोलने धुऊन, वरून पॉलिश पेपर मारून परत बसवलेले. एक्सल ओढून गोणपाटावर ठेवल्यावर बेअरिंगचा प्रश्नही मिटला. या प्रकारच्या एक्सलवर बेअरिंगच्या मागे प्रेसने बसवलेली एक कॉलर, म्हणजे घट्ट लोखंडी कडी, असते. बेअरिंग काढायचे तर ती छिन्नीने फोडावी लागते आणि तिच्या जागी नवीच घालावी लागते. माझ्या एक्सलवरची कॉलर गंजाने बेअरिंगशी एकजीव झाली होती. म्हणजे ६,५०० रुपयांतले बेअरिंग कुणी बदललेच नव्हते. सील तेवढे नवे होते, पण हातोडीने ठोकून तिरपे बसवलेले. त्याच्या कडेला पोचा आला होता. सील जिथे घासते त्या जागी एक्सलवर चर पडला होता, नख अडकेल एवढा. त्यातच एक बाजू जॅकवर असताना ऑइल भरल्यामुळे ते पातळीपेक्षा जास्त झाले होते; सपाट जागी फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचे बूच, उघडताच जादा ऑइल वाहून गेले. हाउसिंगला मात्र काहीही झालेले नव्हते.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. जळगावच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून चराच्या जागी पातळ स्लीव्ह (धातूची नळी) बसवून घेतली, बेअरिंग व कॉलर प्रेसवर घातली, सील सर्व बाजूंनी सारख्या दाबाने आत सरकवले आणि लायनर दोन्ही चाकांचे बदलले, कारण एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर गाडी पुन्हा ओढते. ब्रीदर डिझेलने धुण्याला काहीच खर्च आला नाही. सगळे मिळून ४,३०० रुपये झाले.

गॅरेजवाल्याकडे जाब विचारायला गेलो, तेव्हा त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. ‘तुम्ही गाडी दुसऱ्याकडे उघडली, आता माझी जबाबदारी नाही,’ एवढेच तो म्हणाला. चूक माझीही होती: चाक खोलण्यापूर्वी आणि खोलताना फोटो काढायला हवे होते, ते काढले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, पण बिलाचा विषय निघताच माझ्याकडे दाखवण्यासारखे काही उरले नाही. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि माझ्या एवढ्या लहान रकमेला शुल्कही लागत नाही. परंतु वहीच्या तीन पानांवर कुणाचे नावच नाही, तर काम कुणी केले हे मी कशाने दाखवणार होतो? पक्के बिल, त्यावर सुट्या भागाचा नंबर आणि परत मिळालेले जुने सामान, यांपैकी एक जरी माझ्या हातात असते तरी मी तक्रार लावून धरली असती.

आता कुठेही काम असले की मी गाडीजवळून हलत नाही, आणि जुने सील, जुने लायनर पिशवीत घालून घरी आणतो. घरचे त्यावर हसतात. गेल्या महिन्यात पुन्हा कन्नडचा घाट उतरून आलो आणि घरी पोहोचताच डाव्या चाकाच्या आतून हात फिरवून पाहिला. हाताला नुसती कोरडी धूळ लागली.