वाईनच्या द्राक्षांचा ‘बायबॅक’ करार: सही करण्याआधी हे वाचा

द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाला, ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. दर हंगामाला कुठल्या ना कुठल्या गावात होतंच. पण खायच्या द्राक्षाचं एक बरं असतं. एका व्यापाऱ्याशी फिसकटलं तर दुसरा बोलावता येतो, तोही नाही आला तर माल शेडवर टाकून बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाला या दोन्ही वाटा बंद. शिराज, कॅबर्ने या वाईनच्या जातींचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. मार्केट यार्डात त्याला कुणी हात लावत नाही आणि बेदाण्याला ते चालत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी. ‘बायबॅक’ करार करून, म्हणजे कलमं देणाऱ्यानेच पुढे माल विकत घ्यायचा असं लिहून, आम्हाला ज्याने फसवलं त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता.

आमची बाग उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या बाजूला. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती ज्या नान्नजमध्ये निघाल्या, तेच हे नान्नज. इथल्या माणसाला द्राक्ष शिकवायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. आबांची हयात सोनाकाच्या मांडवाखाली गेली. त्यामुळे ‘भोळ्या शेतकऱ्याला गंडवलं’ असं कुणी वाचत असेल तर तसं नाही. ज्यांना द्राक्षातलं सगळं कळतं त्यांनाच या माणसाने गाठलं, कारण ज्यांच्याकडे मांडव, ठिबक आणि हात बसलेले मजूर तयार आहेत तेच त्याच्या कामाचे.

तो आला तेव्हा त्याच्याकडे खोटं जवळपास काहीच नव्हतं. 2001 चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण त्याला पाठ होतं, विंचूर आणि पलूसचे वाईन पार्क माहीत होते. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्या बातमीचं कात्रण प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये होतं. त्या निर्णयाला विरोध झाला आणि तो अमलात आलाच नाही, हे मात्र फाईलमध्ये नव्हतं. अकलूजचं, म्हणजे तिथल्या फ्रॅटेली या वाईन कंपनीचं उदाहरण तर तो सारखं द्यायचा. ‘मालक, फ्रॅटेलीने तुमच्याच जिल्ह्यात इटलीची सँजिओव्हेसे जात पिकवून दाखवली, मग तुमचंच रान काय कमी हाय?’ यातही खोटं काही नाही. सोलापूरच्या मातीत वाईनचं द्राक्ष येतं का, हा प्रश्न अकलूजने निकालात काढलेला आहे. त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला हा उभा राहिला. त्या कंपनीचा आणि याचा काडीचा संबंध नव्हता.

गावातल्या जुन्या लोकांनी 2009 ची आठवण काढली. मुंबईवरचा हल्ला आणि मंदी एकापाठोपाठ आली, वाईनचा खप पडला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि नाशिककडे लोकांनी वाईनच्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. पण बाजार पडणं वेगळं आणि गंडवणं वेगळं. बाजार पडला तर वायनरीवालाही बुडतो. इथे आम्ही सोडून कुणीच बुडालं नाही.

मग त्याने आम्हा काही बागायतदारांना गाडी करून नाशिककडे नेलं. एका मोठ्या वायनरीत फिरवलं. स्टीलच्या उंच टाक्या, तळघरातली ओकची पिंपं, ‘आपलं क्रशिंग इथंच होतं’ असं चालता चालता सांगणं. शेवटी टेबलावर ग्लास आले. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. घरी परतल्यावर आईने विचारलंच, माळ घालून दारूची द्राक्षं लावणार का. आबा म्हणाले, आपण द्राक्ष विकतो, त्याचं पुढे काय करायचं ते घेणाऱ्याने बघावं. त्या विषयावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. त्या वायनरीत मात्र तिकीट काढून कुणालाही जाता येतं, रोज पर्यटक जातात, हे आम्हाला फार पुढे कळलं. त्याने आमच्यासाठी साधी टूरची तिकिटं फाडली होती.

करार स्टॅम्प पेपरवर झाला. दोन एकर शिराज, कलमं तोच देणार, एका कलमाला 140 रुपये, पैसे आधी. नर्सरीत तसंच कलम बरंच स्वस्त मिळत होतं, म्हणजे पहिला नफा त्याने तिथंच काढला. रोपं चांगली निघाली, ते नाकारत नाही. दर ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर: 23 ब्रिक्सला किलोमागे 40 रुपये, त्याखाली प्रत्येक ब्रिक्सला 4 रुपये कपात, 21 च्या खाली माल परत. करारातलं कलम सात असं होतं: ‘गुणवत्तेबाबत कंपनीने घेतलेले माप व निर्णय अंतिम राहील.’ पहिलं पीक थोडं आलं, त्याचे पैसे त्याने आठवड्यात रोख दिले. गावभर बोलबाला झाला आणि पुढच्या लागणीला माणसं आपणहून त्याला फोन करू लागली.

दुसऱ्या वर्षी बाग भरात आली.

इथून पुढचं नीट वाचा. द्राक्ष पिकवणाऱ्या प्रत्येक घरात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र असतं, आमच्याकडेही आहे. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ जिथे असेल तो ब्रिक्स. आमच्या यंत्रावर 23 च्या वर साखर दाखवत होती. त्याचा माणूस फेब्रुवारी सरता सरता दुपारी बाराच्या उन्हात आला, स्वतःचं यंत्र घेऊन. ते गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेलं. त्याने मांडवाच्या आतल्या बाजूचे, सावलीतले घड निवडले आणि प्रत्येक घडाच्या शेंड्याचा मणी तोडला. घडाच्या खांद्याचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचे सगळ्यात शेवटी, हे शेंबडं पोरही सांगेल. 21 निघाले.

आबांनी त्याचं यंत्र मागून घेतलं आणि काचेवर साध्या स्वच्छ पाण्याचा थेंब टाकला. पाण्याला रेघ शून्यावर बसली पाहिजे. ती शून्याच्या खाली इतकी उतरलेली होती की दिसेचना, सगळं निळंच निळं. वरच्या रबरी टोपीखाली एक बारीक स्क्रू असतो, त्याने शून्य लावतात. तो कुणीतरी फिरवून ठेवलेला होता. त्यात भर म्हणून यंत्र साधं, तापमानाची दुरुस्ती स्वतः न करणारं. अशी यंत्रं 20 अंशांवर जुळवलेली असतात. नुसत्या 30 अंशांनाच ती खऱ्यापेक्षा पाऊण ब्रिक्सच्या आसपास कमी दाखवतात, मग आपल्या उन्हात डॅशबोर्डवर पडलेल्या यंत्राची काय कथा. म्हणजे मणी चुकीचा, यंत्र बिघडवलेलं आणि वेळ मुद्दाम भर दुपारची. खऱ्या वायनरीचा माणूस असं करत नाही. तो बागेत सगळीकडून, घडाच्या वरचे-मधले-खालचे असे शंभर-दोनशे मणी गोळा करतो, एकत्र चिरडतो आणि त्या रसाचं माप घेतो. आंबटपणा आणि पीएचही बघतो, कारण नुसत्या साखरेवर वाईन होत नाही.

आबांनी हे सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं. तो चिडला नाही. करार काढला, कलम सातवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मालक, पटत नसलं तर आठ दिवस थांबू की. साखर चढंल.’ साखर चढते, बरोबर आहे. पण आमच्याकडे मार्च लागला की मण्यातलं पाणी उडतं, मणी सुरकुततो आणि वजन जातं. वजन गेलं ते आमचं, साखर चढली ती त्याची. शिवाय आंबटपणा उतरतो, मग तेच कारण काढून पुन्हा भाव पाडायचा. दुसरं गिऱ्हाईक ऐनवेळी कुठून आणायचं? शेवटी 32 रुपयांनी माल तोडला. पहाटेच्या गारव्यात तोडणी, क्रेट भरून ट्रक रात्री नाशिककडे. 9 टनांचे 2,88,000 रुपये झाले. त्यातले 50,000 हातात आणि बाकीच्याचा चेक, तारीख 10 एप्रिलची.

एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे मजुरी आणि खतं एकदम अंगावर येतात, हे त्यालाही ठाऊक. तरी फोन लावला की तेच: ‘आज टाकू नका मालक, लिमिट भरलंय, सोमवारी आरटीजीएस मारतो.’ गोड बोलायचा, आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. हे सगळं कशासाठी चाललं होतं ते माझ्या बँकेतल्या चुलतभावाने सांगितलं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. 2012 च्या एप्रिलपासून हा नियम आहे, आधी सहा महिने होते आणि गावात अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात सहाच बसलेत. तीन महिने उलटले की तो चेक बँक घेतही नाही आणि चेक न वटल्याचा खटलाही त्यावर उभा राहत नाही. त्याला सोमवार नको होता, 10 जुलै उलटायला हवी होती. आम्ही जुलै उजाडायच्या आत चेक टाकला. परत आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही. आम्हाला तेवढंच हवं होतं.

शेजारच्या गावातल्या दोघांचे चेक असेच शिळे झाले. एकाला त्याने ‘जुना द्या, नवा घ्या’ म्हणून बदलून दिला. नवा निघाला भलत्याच खात्याचा, त्यावर सही कुठल्या बाईची. करार एकाच्या नावाने, चेक तिसऱ्याच्या. वकिलाने तो कागद बघून कपाळाला हात लावला.

पैसे अडकल्यावर आम्ही त्या वायनरीत गेलो जिथे आमचा ट्रक उतरला होता. (टूरला नेलेली ती वायनरी वेगळी, तिथे आमचा एक क्रेटही गेला नव्हता.) तिथला अकाउंटंट भला माणूस. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या गाडीचा नंबर होता, तारीख बरोबर, वजन बरोबर. पुरवठादाराच्या रकान्यात त्या माणसाच्या फर्मचं नाव. वायनरीने त्याला पैसे केव्हाच चुकते केले होते. ब्रिक्सचा आकडाही लिहिलेला होता, 23.4. तो आकडा वाचून आबा काही बोलले नाहीत, मला मात्र तिथंच मळमळायला लागलं. कागदोपत्री ती द्राक्षं आमची कधी नव्हतीच. वायनरीकडे पैसे मागायला आमच्याजवळ काही नव्हतं आणि त्यांचाही दोष नव्हता.

म्हणून कुणी वाईनच्या द्राक्षाचा करार घेऊन आला तर दर शेवटी विचारा. आधी विचारा, वायनरीच्या काट्यावर पावती कुणाच्या नावाने फाटणार. तुमच्या नावाने फाटत नसेल तर समोरचा कंपनी नाही, दलाल आहे. दलालीत वाईट काही नाही, पण दलालाला दलालाच्याच अटी लावायच्या: माल उचलायच्या आधी पैसे. महाराष्ट्रात वाईन बनवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. ज्याला तो आपली वायनरी म्हणतो तिच्या परवान्याची प्रत मागा आणि अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव, पत्ता आणि ती चालू आहे की रद्द, सगळं फुकटात दिसतं. आम्हाला फसवणाऱ्याने कराराच्या आधल्याच महिन्यात नोंदणी केली होती. करारातल्या मापाच्या कलमात ‘दोघांच्या समक्ष, दोघांची यंत्रं पाण्याने शून्यावर लावून’ असं लिहून घ्या. त्याला मान्य नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. जातीबद्दल, खुंटाबद्दल (ज्या मुळाच्या झाडावर कलम भरतात तो) शंका असेल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, पुण्याला द्राक्ष बागायतदार संघ आहे. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

ज्यांचे चेक आधीच हातात आहेत त्यांच्यासाठी. चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून मिळाला की 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला 15 दिवस मिळतात. त्यात पैसे नाही आले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एकही मुदत चुकवू नका. खटला तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे त्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. आमचा सोलापुरातच चालू आहे. पोलीस ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतात, आम्हालाही पाठवलं. फसवणुकीचं जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. वायनरीच्या रजिस्टरमधला ब्रिक्स आणि त्याने आमच्या बागेत लिहून दिलेला ब्रिक्स, दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा कुठे अर्ज घेतला.

बागेचं म्हणाल तर एका एकरातल्या शिराजवर पुन्हा सोनाकाची कलमं भरलीत, खुंट तोच ठेवून. दुसरा एकर आबा काढू देत नाहीत. आता एका वायनरीशी थेट बोलणं चालू आहे, पावती आमच्या नावाने या अटीवर.

तो माणूस सध्या बार्शी आणि मोहोळ भागात फिरतोय असं ऐकतो. फर्म नवी, कात्रणांची फाईल तीच, आता शिराजच्या जागी मेर्लो सांगतो. त्याच्या कराराची एक प्रत परवा एका पाहुण्यांकडे बघायला मिळाली. दर 45 रुपये केलाय, कलम सात शब्दाशब्दाने तसंच आहे.