डॉकबुक आणि एफओपीवर छापील तक्ते: बरेच महिने वापरल्यावर

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पंप बनतात. प्रत्येक पंपासोबत मॅन्युअल जातं, मराठीत आणि इंग्रजीत. फिटर मंडळी त्यातले तक्ते तेवढे बघतात, बाकी मजकूर कोणी वाचत नाही, हे धरूनच मी लिहिते. गेल्या पावसाळ्यात सगळी मॅन्युअल्स वर्डमधून डॉकबुकमध्ये आणली, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे याची खूण लावून लिहायच्या एक्सएमएल पद्धतीत. मांडणीला डॉकबुकची एक्सएसएल स्टाइलशीट्स (रंगरूपाचे नियम असलेल्या फाइली), त्यावरून पीडीएफ बनवायला अपाचेचं एफओपी हे सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट. तक्त्यांसाठी ही जोडी चांगली आहे, पण हातात पडते तशी वापरू नका.

मूळ सेटिंगवर तक्ता शाळेच्या हजेरीपटासारखा दिसतो: सगळीकडे अर्ध्या पॉइंटची रेघ, सेलच्या कडेने जेमतेम 2 पॉइंट मोकळी जागा. हे बदलायला फार डोकं लागत नाही. मूळ फाइलींना हात लावायचा नाही. आपली वेगळी फाइल करायची, तिच्यात मूळ स्टाइलशीट इम्पोर्ट करायची आणि ‘टेबल.सेल.पॅडिंग’ वगैरे तिथे नव्याने द्यायचं. स्टाइलशीटची नवी आवृत्ती आली तरी आपलं काम शाबूत राहतं.

त्यापुढे स्टाइलशीटमधली तीन टेम्प्लेट्स (नियमांचे तुकडे) ओळखीची हवीत. ‘टेबल.रो.प्रॉपर्टीज’ पूर्ण ओळीसाठी, ‘टेबल.सेल.प्रॉपर्टीज’ सेलसाठी, आणि ‘टेबल.सेल.ब्लॉक.प्रॉपर्टीज’ सेलमधल्या मजकुरासाठी (हेडर, म्हणजे वरची मथळ्यांची ओळ, ठळक होतो तो इथूनच). मजकुरात तक्त्याला फक्त ‘टॅबस्टाइल’चं नाव द्यायचं, रंगरूप सगळं स्टाइलशीटमध्ये. एका जागी बदल केला की सगळी मॅन्युअल्स बदलतात. वर्डमध्ये प्रत्येक तक्ता धरून ओढण्यात माझे शनिवार जायचे, ते सुटले.

मी हौसेने एकाआड एक ओळीला करडा रंग दिला. स्क्रीनवर छान दिसायचं. उभ्या जोडलेल्या सेल असल्या की मात्र पट्टे विचित्र दिसायचे. पण खरा निकाल शॉपफ्लोअरवर लागला. तिथे मूळ मॅन्युअल कपाटात असतं आणि झेरॉक्स हातात. ‘मॅडम, झेरॉक्समध्ये हे काळं येतंय, टॉर्कचा आकडाच दिसत नाही,’ असं असेंब्लीच्या सुपरवायझरांनी कागद पुढे धरून दाखवलं. करडा रंग काढला, उभ्या रेघाही काढल्या. आता प्रत्येक ओळीखाली बारीक आडवी रेघ आणि चौकटीला फक्त वर-खाली. पट्ट्यांपेक्षा हेच वाचायला बरं पडतं.

एफओपीचा स्वभाव ओळखून राहावं लागतं. मजकूर बघून कॉलमची रुंदी तो स्वतः ठरवत नाही, आपणच ‘कॉलविड्थ’मध्ये 1*, 3* (म्हणजे एकास तीन) असं प्रमाण द्यायचं. लांबलचक पार्ट नंबर मोडत नाही, तो शेजारच्या कॉलमवर चढतो आणि लॉगमध्ये ओव्हरफ्लोची ओळ येते. नंबरातल्या डॅशनंतर शून्य रुंदीची स्पेस घातली की तो तिथे मोडतो. शीर्षक असलेला तक्ता मुळात एकत्र ठेवला जातो, त्यामुळे तो अख्खा पुढच्या पानावर उडी मारतो आणि मागे अर्धं पान कोरं राहतं. लांब तक्त्यात ‘डीबीएफओ’ या, मजकुरातच स्टाइलशीटसाठी लिहायच्या सूचनेने ‘कीप-टुगेदर’ला ‘ऑटो’ करावंच लागतं. मग तो पानांवर नीट पसरतो, हेडरही प्रत्येक पानावर आपोआप येतो.

मराठीसाठी एफओपी किमान 1.1 हवं. 2012च्या त्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडणी नीट होते, त्याआधी पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडायची. मराठी फॉन्ट एफओपीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये नोंदवायचा आणि ठळक वजनाची फाइल वेगळी द्यायची. नाहीतर इंग्रजी हेडर ठळक आणि मराठी हेडर साधा, असं पान छापून येतं.

एका बाबतीत मात्र हार पत्करावी लागते. ‘ओरिएंट’ला ‘लँड’ दिलं की तक्ता आडवा होतो, पण आडवा तक्ता पुढच्या पानावर तुटत नाही. आमची सुट्या भागांची यादी तशी बसेना. शेवटी तिचा ‘शेरा’ कॉलम काढून ती उभीच ठेवली. सेल्सवाले अजून तो कॉलम परत मागतात.