जहाजावरचं जेवण: तिकिटात काय आलं, वरून काय लागलं

माझी दारव्ह्याला एसटी स्टँडजवळ खानावळ आहे. बावीस वर्षं झाली. दारातच पाटी लावलेली आहे: ताट 100 रुपये, त्यात तीन पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात, लोणचं. जास्तीची पोळी 8 रुपये, दही 20, पापड 10. कांदा-लिंबू लागेल तेवढं. पापडाचा भाव आधी पाटीवर नव्हता. एकदा एका ड्रायव्हरदादांनी पैसे देताना विचारलं, ‘‘ताई, पापड तुमी सोताहून वाढला, मंग त्याचे पैसे काहून?’’ त्यांचं बरोबर होतं. मी ते दहा रुपये घेतले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून पाटीवर पापड चढवला. जहाजाबद्दल मी जे लिहिते आहे ते याच नजरेनं. भाव कितीही लावा, पण माणूस बसायच्या आधी त्याला तो दिसला पाहिजे.

जानेवारीत संक्रांतीनंतर आम्ही दोघं, नणंदबाई आणि भाऊजी असे चौघं मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या जहाजावर जाऊन आलो. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलानं आग्रह धरला. खानावळ जावेनं सांभाळली. धामणगावहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरली, सकाळी मुंबई. दुपारी बॅलार्ड पिअरवरून जहाजात चढलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी त्यांच्या फार चांगल्या होत्या, काही खटकल्या, आणि चौकशी केल्यावर कळलं की हा कारभार बहुतेक जहाजांवर असाच चालतो.

तिकिटापासून सांगते. यवतमाळच्या एजंटनं फोनवर सांगितलं, ‘‘काकू, दोघांचे 48 हजार, जेवणखाण सगळं त्यातच.’’ पावती आली तेव्हा त्याखाली आणखी ओळी होत्या. बंदराचा आकार माणशी 3,000. टिप, म्हणजे नोकरवर्गाची बक्षिसी, माणशी रोजचे 500, म्हणजे दोघांचे तीन रात्रींचे 3,000. वर जीएसटी. सगळं मिळून 60 हजारांच्या थोडं वर गेलं. यातला एकही आकार खोटा नाही. बंदर फुकट वापरू देत नाही, आणि वाढप्याला, खोली झाडणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की पहिल्याच फोनला 48 न सांगता 60 सांगायला पाहिजे होतं. मुलानं पैसे आधीच बाजूला काढून ठेवले होते म्हणून निभलं. कापसाचे पैसे यायचे असताना कोणी 48 वर हिशेब बांधला असता तर त्याची ओढाताण झाली असती. बुकिंगच्या आधी ‘बंदराचा आकार, टिप आणि कर धरून शेवटचा आकडा लिहून पाठवा’ असं म्हणा. लिहूनच मागा.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पैशाचं पाकीट. क्रेडिट कार्ड जोडा, नाहीतर अनामत भरा. आम्ही 10,000 रोख भरले. पुढचे तीन दिवस जे काही घ्याल ते कार्ड दाखवून आणि चिठ्ठीवर सही करून. हातातून नोट जात नाही, त्यामुळे किती गेले ते जाणवत नाही. मी खानावळीची वही सोबत नेली होती आणि प्रत्येक सही झाली की तिथंच आकडा टिपला. ही वही शेवटच्या दिवशी कामी आली.

खोलीत गेल्या गेल्या टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या. शेजारी दोन ग्लास उपडे घातलेले. लग्नाच्या मुक्कामाच्या खोलीत वऱ्हाडासाठी ठेवतात तशा. आमच्या यांनी एक फोडली, थोड्या वेळानं मी दुसरी. संध्याकाळी खोली आवरायला मणिपूरकडचा एक गोड मुलगा आला, तेव्हा त्यानं सांगितलं की याचे पैसे लागतात, एका बाटलीचे 100. भावाचं कार्ड होतं, पण टीव्हीच्या मागच्या फळीवर, चामडी फोल्डरच्या आत तिसऱ्या पानावर. वर बफेमध्ये पाण्याचं मशीन आहे, तिथं पाणी कितीही प्या, मोफत. घरून रिकामी बाटली न्या आणि तिथून भरा. नणंदबाईंनी दोन स्टीलच्या बाटल्या आणल्या होत्या, त्यांना पाण्याचा एक रुपयाही लागला नाही. उन्हाळ्यात आमच्या दारासमोर माठ असतो, जेवा नाहीतर नका जेवू, पाणी प्या. म्हणून ही बाटली माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली. रक्कम मोठी नव्हती. पाहुण्याला दिल्यासारखी मांडली होती, याचं वाईट वाटलं.

तसंच दुसरं. जहाज सुटताना सगळे वरच्या डेकवर जमतात, गाणी लागतात, आणि मुलं रंगीत सरबतांचे ट्रे घेऊन फिरतात. हसून हातात ग्लास देतात. आम्हाला वाटलं स्वागताचं आहे. ग्लास हातात आल्यावर त्यांनी कार्ड मागितलं. 325 रुपयांचा एक. तिकिटात येणारी पेयं म्हणजे बफेमधलं पाणी, मशीनचा चहा आणि कॉफी, सकाळच्या नाश्त्याचा रस. कोल्ड्रिंक, ताजं लिंबू-सोडा, कॉफीच्या काउंटरवरची फेसाची कॉफी, दारू हे सगळं वरून. आमच्या भाच्यानं सिंगापूरहून परदेशी जहाजाची सफर केली आहे. तो म्हणतो, तिकडे प्रत्येक पेयाच्या भावावर 18-20 टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं, आणि रोजची टिप डॉलरमध्ये वेगळी. तेव्हा परदेशी जहाजाचं तिकीट काढणाऱ्यांनी छापील भावावर न जाता हेही धरावं.

आता जेवणाकडे येते. बफे मोठा, सकाळी, दुपारी आणि रात्री. तो सगळा तिकिटात. मी पहिल्या दिवशी जेवण्याआधी एक चक्कर नुसतीच मारली. पातेली झाकलेली होती, डाव प्रत्येकाला वेगळा, आणि शाकाहारी ओळ मांसाहारीपासून चांगली दहा पावलं लांब. जैन जेवणाचा काउंटर स्वतंत्र, तिथले डावसुद्धा दुसऱ्या ओळीत जाऊ देत नव्हते. हजार-दीड हजार माणसांच्या रांगेत ही शिस्त पाळणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, मी चाळीस ताटांत थकते. फुलके तव्यावरून थेट ताटात. वरण पातळ होतं, पण वरून सांबार ताजा चिरून टाकलेला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. भाज्या सगळ्या एका गोडसर रश्श्यात, पनीर रोज. तिखटाची सवय असलेल्या वऱ्हाडी माणसाला तिसऱ्या दिवशी जीभ कोरडी पडल्यासारखी होते. मी ठेचा नेला होता, पण टर्मिनलवर सामान तपासताना घरचं खाणं आत जाऊ देत नाहीत. ठेचा आणि तिळाचे लाडू सोडायला आलेल्या भाच्याच्या हाती परत दिले. हेही आधी कोणी सांगितलं नव्हतं. बफेवाल्या आचाऱ्याला हिरव्या मिरच्या मागितल्या तर त्यानं वाटीभर तळून, मीठ लावून आणून दिल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत.

रात्री बसून जेवायचं दुसरं मोठं दालन आहे, तेही तिकिटात. वाढपी ताटं आणून देतात. तिथं दोन पाळ्या: सातची आणि साडेनऊची. आम्हाला न विचारता साडेनऊची लावली होती. आमच्या यांना साखरेची गोळी आठला लागते. रिसेप्शनवर सांगितलं तर पाच मिनिटांत सातची पाळी करून दिली. मधुमेह असलेला माणूस सोबत असेल तर चढल्या दिवशीच हे काम करून घ्या, नंतर टेबलं भरतात.

दुसऱ्या दिवशी पौष वद्य एकादशी होती. भाऊजी माळकरी, एकादशी त्यांनी कधी सोडली नाही. मला आदल्या रात्रीच धास्ती लागली, कारण जैन जेवण वेगळं आणि उपवास वेगळा, हे काउंटरवरच्या मुलाला काही केल्या उमगेना. मी मोठ्या आचाऱ्याला भेटायचं म्हटलं. ते गढवालचे निघाले, पन्नाशीचे गृहस्थ. मी सांगितलं, साबुदाण्याची उसळ नसेल तरी चालेल, पण बटाटा, शेंगदाणे, दूध, फळं, आणि धान्य लागलेलं भांडं नको. त्यांनी हातातली वही उघडून सगळं लिहून घेतलं, माझं टेबल नंबर लिहिलं, आणि म्हणाले, ‘‘मेरी माँ भी रखती है।’’ सकाळी अकराला भाऊजींसमोर झाकण घातलेली थाळी आली. सैंधव घालून तुपातले बटाटे, भाजलेले दाणे, दही, पपई, केळी. साबुदाणा जहाजावर नव्हता याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. रात्रीही तसंच. बिलात याची एक ओळसुद्धा नव्हती. भाऊजींनी खिशातून 200 काढले तर त्यांनी घेतले नाहीत. मी इतक्या वर्षांत कितीतरी लोकांना उपासाचं करून दिलं, पण परक्या जागी आपल्यासाठी कोणी ते करतं तेव्हा काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. कोणाला पथ्य असेल, उपास असेल, तर काउंटरवरच्या पोरांशी वाद न घालता आदल्या दिवशी थेट आचाऱ्यापर्यंत जा.

वरच्या मजल्यावर पैशाची वेगळी हॉटेलं आहेत. त्यातल्या एकात मुलानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवले होते, माणशी 1,200. पदार्थ मोजके, गरम, आणि वाढायची रीत अशी की मी बघतच राहिले. ताट उचलताना ‘झालं का’ असं डोळ्यांनी विचारायचे, मधेच ओढून न्यायचे नाहीत. ते मी घरी आल्यावर आमच्या पोरींना शिकवलं. पण कोल्ड्रिंक तिथंही वेगळं, 150 चं एक. एखाद्या खास दिवसासाठी जावं. रोजच्या पोटाला खालचं पुरतं.

दुसऱ्या रात्री जहाज हललं, यांना गरगरायला लागलं. मळमळीवरची एव्होमिनची गोळी घरूनच नेली होती ती दिली. खोलीत दहीभात मागवला, 350. खोलीत आणून देतात ते सगळं पैशाचंच. त्या वेळी मात्र 350 जड वाटले नाहीत. वायफायचं पॅकेज आम्ही घेतलंच नाही. फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर भर समुद्रात तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचा आकार फार असतो. गोव्यात उतरून कंपनीच्या बसनं फिरलो, माणशी 1,200. चार माणसं असाल तर बाहेरची टॅक्सी ठरवून बघा, पण परतायची वेळ चुकवू नका.

शेवटच्या रात्री दाराखालून बिल आलं. दोन बाटल्या 200, सरबतं 650, यांची काउंटरवरची एक कॉफी 200, दहीभात 350, कोल्ड्रिंक 300, एक फोटो 500, बस 2,400. आणि दोन बिअर 900. आमच्या घरात बिअर कोणी पीत नाही. कर आणि सेवाशुल्क धरून आकडा 6,490. मी वही घेऊन रात्री अकराला रिसेप्शनवर गेले. रांग होती, माझ्यासारखे बरेच. सकाळी ती रांग दुप्पट होते म्हणतात, म्हणून रात्रीच जा. मी म्हटलं, सहीची चिठ्ठी दाखवा. तिथल्या मुलीनं शोधून काढली, सही दुसऱ्याच कोणाची, खोलीच्या नंबरचा एक आकडा चुकलेला. तिनं वाद न घालता 1,062 उडवले. बिल 5,428 वर आलं आणि अनामतीतले 4,572 परत मिळाले. चूक कोणाकडूनही होते, माझ्याकडूनही झाली आहे. पण वही नसती तर मी ठामपणे बोलू शकले नसते.

उतरताना खोलीवाल्या मुलाच्या हातात 500 ठेवले. टिप तिकिटात भरलेली होती, पण त्यातले त्याला किती पोचतात ते मला विचारूनही कळलं नाही.

पाच पैकी जेवणाला मी साडेतीन देईन, आचाऱ्यांच्या माणुसकीला पाच, आणि भाव सांगायच्या पद्धतीला दोन. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. दिवाळीनंतर त्यांना न्यायचं चाललं आहे. एजंटला मी कागदावर लिहून दिलं आहे: सगळं धरून शेवटचा आकडा, सातची पाळी, लिफ्टजवळची खोली, मऊ भात रोज मिळेल का, आणि खोलीतल्या बाटल्या आधीच उचलून नेतील का. त्याचं उत्तर सोमवारी यायचं आहे.